निरभ्र, वारा मंद

१

अठरा नोव्हेंबरची दुपारी बाराची नोंद टेबलावर बसून लिहायची. त्या दिवशी सकाळपासून पिंजऱ्याकडे कुणी फिरकायचं नाही. आणि हे असं का, हे विचारायचं नाही.

वेधशाळेत ती रुजू झाली त्या पहिल्याच सकाळी मामाने तिला हे सांगितलं. बॅरोमीटर कसा वाचायचा, नोंदवही कुठल्या कपाटात असते, ते सगळं नंतर. आधी हा नियम. मामा मुख्य निरीक्षक होता. नियम सांगताना त्याचा आवाज असा जाड व्हायचा की घशात कुणी रबरी शिक्का अडकवला आहे असं वाटावं.

"आणि विचारलंच तर?" ती म्हणाली.

"तुला डोकं दिलंय देवाने. ते वापरून गप्प बस."

"त्याला डोकं कशाला लागतं? तुम्ही तसेही बसताच की."

मामाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पदवी बोलली," तो म्हणाला.

घरात आणि आता कचेरीतही तिचं नाव 'पदवी'च पडलं होतं. पदवी, पंखा बंद कर. पदवी, तुझ्या पुस्तकात चहा करायला शिकवतात का गं? घराण्यात कॉलेजची शेवटची परीक्षा पास झालेली ती पहिलीच. तेव्हा टोमणा मारायला त्यांना दुसरं कोण सापडणार?

पिंजरा म्हणजे धक्क्याच्या पार टोकाला, किनाऱ्यापासून सहाशे पावलांवर असलेली पांढरी लाकडी खोली. तिच्या चारही भिंती तिरप्या पट्ट्यांच्या. फटींतून वारा आत यावा, पाऊस येऊ नये. यंत्रं तिथे होती. शेजारीच बावट्याचा उंच खांब. बॅरोमीटर झपाट्याने पडला की निरीक्षकाने तिथल्या तिथे लाल बावटा चढवायचा, आणि तो दिसला की एकही बोट बंदर सोडत नसे. दिवसातून चार वेळा तिथे चालत जायचं, आकडे वाचायचे, परत येऊन वहीत लिहायचे. काम एवढंच. त्या एवढ्याशा कामाचा या लोकांनी देव्हारा मांडला होता.

नियमाचं कारण तिला ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. बावीस वर्षांपूर्वी अठरा नोव्हेंबरलाच तिचा बाप पळून गेला होता. दूरच्या दीपगृहाला सामान पोचवणाऱ्या बोटीवर तो इंजिनवाला होता. दुपारी एकला बोट सुटली, बोटीवर सात माणसं, आणि पुन्हा कुणीच दिसलं नाही. चौकशी झाली. समुद्र शांत होता, हवा स्वच्छ होती, तेव्हा सातही जणांनी मिळून बोट पलीकडच्या मुलखात नेऊन विकली, असा निकाल लागला. ती तेव्हा अकरा महिन्यांची होती.

म्हणजे हा सगळा थाट कापल्या गेलेल्या नाकाचा. एक जावई पळाला म्हणून बावीस वर्षं यंत्रांकडे पाठ फिरवायची! तिला हसू आलं.

२

तिला नेमलं होतं एका पुस्तकासाठी. वेधशाळेला शंभर वर्षं पूर्ण होत होती, आणि शरद संपता संपता या किनाऱ्यावर आलेल्या मोठ्या वादळांची यादी करायची होती. कुठलं वादळ, किती तारखेला, बॅरोमीटर कुठवर उतरला, वारा किती, नुकसान किती. जुन्या वह्या चाळायच्या आणि तक्ते करायचे. मामाला वाटलं होतं, कंटाळून महिनाभरात पळेल.

ती पळाली नाही. तिला त्या वह्यांतली मेलेली माणसं जिवंत म्हाताऱ्यांपेक्षा जास्त आवडायला लागली. एका वर्षीच्या वादळाने मालवाहू गलबत उचलून थेट बाजाराच्या रस्त्यात आणून ठेवलं होतं. निरीक्षकाने नुकसानीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'रस्ता बंद'. आणखी एक उत्तरेकडचं वादळ तीन दिवस थांबलं नव्हतं. तेव्हाच्या निरीक्षकाने स्वतःला दोराने बावट्याच्या खांबाला बांधून घेतलं आणि दर तासाला सरकत सरकत पिंजऱ्यात जाऊन आकडा वाचला. बहात्तर नोंदी. अक्षर शेवटी शेवटी मुंगीसारखं झालं होतं, पण एकही रकाना रिकामा नव्हता.

असल्या माणसाच्या खुर्चीत आता मामा बसून दात कोरत होता.

चूक तिला तक्ता करतानाच दिसली. नोव्हेंबरच्या प्रत्येक तारखेचे शंभर वर्षांचे आकडे तिने एकाखाली एक लिहिले होते. सगळे रकाने खालीवर, जसे असायला हवेत तसे. अठरा तारखेचा रकानाही अठ्ठ्याहत्तर वर्षं तसाच. पुढची बावीस वर्षं मात्र एकच ओळ:

१०१४.२. निरभ्र, वारा मंद.

बावीसदा. दशांशासकट. खाली तीन सह्या: आबांची, म्हणजे तिच्या आजोबांची, मामाची, आणि कचेरीतल्या तारवाल्या काकांची. आबा निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी त्यांची सही होतीच. इतर कुठल्याही नोंदीखाली एकाच माणसाची सही असे.

टेबलावर बसून लिहिलं की असंच होणार, तिने स्वतःला सांगितलं. आळशी माणसं, दुसरा आकडासुद्धा सुचला नाही.

पण मग एक गोष्ट जुळेना. नियम जर जावई पळाला म्हणून केला असेल, तर तो दुसऱ्या वर्षापासून लागू व्हायला हवा. बावीस ओळींतली पहिली ओळ बोट गेली त्याच दिवसाची होती.

३

जेवताना तिने विषय काढला. घर आबांचं. तिची आई वाढत होती, कारण बावीस वर्षं तीच वाढत होती. नवऱ्याने टाकलेली लेक माहेरी राहते ती हक्काने थोडीच? आबा हे कधी बोलून दाखवत नसत. ते फक्त पाणी मागत, आणि तिने दोन घास खाल्ले की मीठ मागत.

"आबा, बाबा गेले त्या दिवशी बाराची नोंद कुणी घेतली?"

आईच्या हातातला डाव भांड्याला लागून वाजला.

"मी," आबा म्हणाले. "का?"

"पिंजऱ्यापर्यंत गेला होतात?"

"मुख्य निरीक्षक होतो मी. तुझ्या मामासारखा दुसऱ्याला पिटाळत नव्हतो."

"हे बरंय, मला कशाला मध्ये ओढता?" मामा तोंडात घास ठेवूनच म्हणाला.

"मी विचारलं, गेला होतात का?"

आबांनी घास खाली ठेवला. "समुद्र तळ्यासारखा होता त्या दिवशी. माझ्या हातची नोंद आहे. चौकशीला आलेल्या साहेबांनी तीच वही उघडून बघितली होती. तुझ्या बापाने तुम्हा दोघींना वाऱ्यावर सोडलं, आणि तू माझी उलटतपासणी घेतेस?"

"दुपारी पाऊस आला होता," आई अचानक म्हणाली. ती ताटांकडे बघत होती. "अर्धा तास. समोरच्यांचे दोन पत्रे उडाले होते. मी हिला घेऊन खिडकीत उभी होते."

"एखादी सर येते कधी," आबा म्हणाले. "मीठ दे."

आईने मीठ दिलं. पदवीला त्या क्षणी म्हाताऱ्याच्या ताटात मिठाचं भांडंच उपडं करावंसं वाटलं.

४

सतरा तारखेला दुपारची नोंद तिची होती. आभाळ धुतल्यासारखं, वारा नावालाही नाही. धक्क्यावर मासेमार जाळी पसरून बसले होते. तिने पिंजऱ्याचं दार उचलून ओढलं आणि पाय आत टाकला तोच चपलेखाली पच्च झालं.

जमीन ओली होती. पट्ट्यांना आतून पाणी लागलं होतं, थेंब ओघळत होते. ती बाहेर येऊन खोलीभोवती फिरली. बाहेरून पट्ट्या कोरड्या ठणठणीत, रंगाचे पापुद्रे उन्हात वाळलेले. तिने आतला एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट.

लाट उडाली असेल, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, कारण ते पटायला हवं होतं. लाट उडाली आणि भिंतीला न भिजवता फटीतून आत गेली? बरं, मग दमट हवा असेल. दमट हवा खारट असते का? असेल. पदवीला ती हे शिकली नव्हती.

बॅरोमीटर ९९८ दाखवत होता. सकाळी सहाच्या नोंदीत मामाने १०१४ लिहिलं होतं. तिने काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि आणखी एक रेघ खाली उतरला.

"बिघडलाय," परत आल्यावर ती म्हणाली. "तेल तरी घालता का कधी त्याला?"

मामाने आकडा विचारला नाही. तारवाले काका रोजच्या नोंदी मुख्य कचेरीला पाठवत. तारा जाऊन संगणक आले तरी त्यांचं नाव बदललं नव्हतं. ते लगेच म्हणाले, "एक हजार चौदाच धाडतो मग."

"मी आकडा सांगितलाच कुठे?"

"या दिवसांत तोच असतो, पोरी," काका म्हणाले, आणि त्यांनी तिच्याकडे पाठ केली. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती. पंखा त्यांच्या डोक्यावरच फिरत होता.

५

अठरा तारखेला आबा कचेरीत आले. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. तिघं टेबलाभोवती बसले. समुद्राकडची खिडकी मामाने लावून घेतली होती. सव्वा अकराला चहा झाला. मग काही न बोलता तिघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तसे.

"यंदा चार सह्या," मामा म्हणाला. "तूही आता कचेरीची माणूस. आबा लिहितील, खाली तू सही कर."

"काय लिहितील?"

"जे असतं ते."

तिने पिशवी उचलली. आत कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला लहान, खिशातला बॅरोमीटर होता.

"कुठे निघालीस?"

"नोंद घ्यायला. वेधशाळेत तेच करतात म्हणे."

"पदवी, खाली बस!" मामा उठला. खुर्ची मागे पडली. आबाही उठले. तारवाल्या काकांनी नुसते हात जोडले. ती दारातून बाहेर पडली, पायऱ्या उतरली, धक्क्याला लागली, आणि मागे वळून बघितलं तर तीन म्हातारी डोकी उंबरठ्याच्या आत एकावर एक दिसत होती. ओरडत होती. एकानेही पाऊल बाहेर टाकलं नव्हतं.

काय पण मर्द, ती पुटपुटली.

६

समुद्र खरोखरच तळ्यासारखा होता. जाळं शिवणारी एक बाई तिला म्हणाली, "काय गं, आज सुट्टी ना तुमची? या दिवशी कुणी येत नाही तुमच्यातलं."

"मी त्यांच्यातली नाही," ती म्हणाली आणि पुढे गेली.

पाचशे पावलांवर तिने खिशातला बॅरोमीटर बघितला. १०१४. हसूच आलं. म्हाताऱ्यांनी नेमका खरा आकडा लिहिला होता की!

मग तिला आवाज आला. आधी वाटलं, आपल्याच कानात रक्त वाजतंय. ती थांबली, आवाज थांबला नाही. तो पिंजऱ्यातून येत होता. बंद दाराआड कुणीतरी मोठं कापड फाडत असावं, आणि ते कापड संपतच नसावं, असा. बाहेर खांबाची दोरी सरळ लोंबत होती. एक माशी तिच्या मनगटावर येऊन बसली.

मधमाश्यांचं पोळं, तिने मनाशी म्हटलं. पट्ट्यांमध्ये पोळं झालं असेल.

दार उघडेना. ओढताना असं वाटलं की आतून कुणी त्याच मुठीला धरून बसलं आहे. दोन्ही पाय चौकटीला लावून तिने ओढलं, तेव्हा ते एकदम सुटलं, आणि तिचे केस तोंडापुढून सरळ आत ओढले गेले.

तिने हात लांब करून खिशातला बॅरोमीटर उंबरठ्याच्या आत धरला. काटा फिरत, फिरत खाली गेला. ९६१. हात मागे घेतला. १०१४. परत आत. ९६१. भिंतीवरचा मोठा बॅरोमीटरही तेच सांगत होता. दोन यंत्रं एकाच वेळी, एकाच आकड्यावर बिघडत नाहीत. एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, आणि आत्ता ते ठाऊक नसतं तर फार बरं झालं असतं.

ती आत गेली. पाय घोट्यापर्यंत पाण्यात, आणि पाणी चढत होतं. समुद्राकडच्या भिंतीच्या फटींतून येणारा उजेड करडा होता. मागच्या दारातून येणारं ऊन पिवळं. तिने वाकून फटीला डोळा लावला.

बाहेर जो समुद्र होता तो तिने आत्ताच पाहिलेला समुद्र नव्हता. तो उभा होता. आणि त्याच्या उतारावर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ, एक बोट होती. बोटीत माणसं होती. ती हलत नव्हती, ओरडत नव्हती, पाणी उपसत नव्हती. सगळ्यांच्या माना वर होत्या. सगळी एकाच ठिकाणी बघत होती, पिंजऱ्याच्या शेजारी, वर, खांबाच्या टोकाकडे. एकाने तर डोळ्यांवर आडवा हात धरला होता, लांबचं नीट दिसावं म्हणून.

ती माणसं वाट बघत होती.

त्यांतला बाप कुठला, हे तिला ओळखता आलं नाही. घरात त्याचा एकही फोटो ठेवला नव्हता.

७

ती कचेरीत आली तेव्हा कमरेपर्यंत भिजलेली होती. तिघांनी ते पाहिलं आणि कुणीही विचारलं नाही. टेबलावर वही उघडी होती. आबांनी लिहून ठेवलं होतं: १०१४.२. निरभ्र, वारा मंद. तीन सह्या झाल्या होत्या. चौथीसाठी जागा सोडली होती.

तिने ती ओळ आडवी खोडली आणि वर लिहिलं: ९६१. हाताचं पाणी कागदावर पडून शाई थोडी पसरली.

"वेडी झालीस?" मामा म्हणाला. "उद्या पुस्तक छापून येईल. शंभर वर्षांच्या वह्या लोक उघडतील. एक ओळ बदलली की मागच्या बावीस बघतील. आबांना या वयात चौकशीला उभं करणार तू?"

"आबा त्या दिवशी गेले नव्हते."

"ताप होता मला," आबा म्हणाले.

"जेवताना विचारलं तेव्हा नव्हता."

"पडसं होतं. आदल्या दिवशीचा आकडा लिहिला. सगळेच लिहितात कधी ना कधी. त्या एका दिवशी असं होईल हे कुणाला—" ते थांबले. "आणि नंतर खरं सांगून ती माणसं परत येणार होती का? मी घर सांभाळलं. तुझी आई माझ्या घरात दोन वेळ जेवली."

"बावीस वर्षं तिने तुम्हाला वाढलं, आबा. तुमच्या पडशापायी."

भिंतीवरचा फोन वाजला. मामाने लगबगीने उचलला. बंदर कचेरीतून होता. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की सगळ्यांना ऐकू येत होतं. आभाळात ढग नाही, पान हलत नाही, आणि तुमच्या खांबावर लाल बावटा कसला? बाराच्या बोटी खोळंबल्या आहेत, लोक हसत आहेत!

मामाचं तोंड पांढरं पडलं. "तू चढवलास?"

"मग कुणी? तुमच्या पडशाने?"

"हो साहेब," मामा फोनमध्ये म्हणाला, "नवीन मुलगी आहे, चूक झाली, आत्ता उतरवतो—"

तिने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "वेधशाळेतून बोलतेय. बारा वाजताचा बॅरोमीटर नऊशे एकसष्ट. यंत्र मी स्वतः वाचलंय. एकही बोट सोडू नका." आणि तिने फोन ठेवला.

"बावटा उतरव," मामा म्हणाला. आवाजातला शिक्का गेला होता. "आणि ही ओळ आहे तशी लिही. हात जोडतो. सही कर आणि विषय संपव."

"नाही करणार."

"पदवी—"

"नाही म्हटलं ना. उतरवायचा असेल तर जा आणि उतरवा. सहाशे पावलं आहेत. दार मी लावलेलं नाही."

खुर्ची करकरली. आबा पुढे वाकले होते. त्यांचा चेहरा तिने कधीच पाहिला नव्हता असा झाला होता. ते फार हळू बोलले, आईला ऐकू जाऊ नये असं घरात बोलत तसे.

"अजून वरच बघतात का गं?"

तिला कळायला क्षणभर वेळ लागला. मग कळलं. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. केव्हातरी, एकदा तरी, हा माणूस तिथवर गेला होता, फटीला डोळा लावून उभा राहिला होता, खांबाची दोरी हाताच्या अंतरावर होती, आणि तो परत येऊन टेबलाशी बसला होता.

"ते मी तुम्हाला सांगणार नाही," ती म्हणाली. "आईला सांगणार आहे."

तारवाले काका हातांकडे बघत राहिले. मामाने लावून घेतलेल्या खिडकीची कडी हलायला लागली, आणि तिघांपैकी कुणीही मान वळवून तिकडे बघितलं नाही.